अनोळखी बाईच्या शेळ्या

९ जानेवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं. पोस्टमन फाटकातूनच ओरडला, "आजी, हाताने लिहिलेलं आहे," म्हणजे विजेचं बिल नाही हे मला आधी कळावं. अक्षर बघितलं आणि तिथेच ओट्यावर बसले. तुझा आ अजून तसाच पोट पुढे काढून उभा असतो गं.

सहा वर्षांनी पत्र लिहिलंस आणि लिहिलंस काय, तर आजी, दुकानातली नोकरी सोडली, थोडं रान घेतलंय, मांसासाठी शेळ्या ठेवायच्या आहेत, काटक हव्यात, कोणत्या घेऊ. कशी आहेस नाही, गुडघे काय म्हणतात नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. कशी आहेस हे कोणीही येता-जाता विचारतं. शेळ्या कोणत्या घेऊ हे माणूस घरच्यालाच विचारतो.

तर ऐक. मी तिसरीपर्यंत शिकलेली बाई, पत्र इकडेतिकडे जाईल, तू शेळ्यांपुरतं उचल.

बाजारात जाऊ नकोस. बाजारात लोक आपल्याला जे नको असतं ते आणतात, धुऊनपुसून. ज्याच्याकडे वर्षानुवर्षं कळप आहे त्याच्या दारात जा. आणि तो तुझ्यापेक्षा हलाखीच्या रानात राहत असला पाहिजे. पोटभर हिरव्यात वाढलेली शेळी तुझ्या दगडांवर आली की चार महिन्यांत पोतं होऊन बसते. उलटं केलंस तर शेळी तुला दुवा देईल.

शिंगं बघू नकोस, रंग बघू नकोस, कान किती लांब ते तर मुळीच बघू नकोस. खाली बसायचं. बसल्याशिवाय शेळी दिसत नाही. चारी खूर जमिनीला सारखे टेकतात का. खालचे दात वरच्या हिरडीला नीट भिडतात का, नाहीतर पाला तोडणार कशाने. कास हातात घेऊन चाचपायची, आत गाठ नको, सड दोनच हवेत आणि करडाच्या तोंडात मावतील असे. मग मालकाला सहज विचारायचं, "मागच्या वेळी व्याली तेव्हा हिला मदत लागली होती का हो?" तो "थोडीशी" म्हणाला की कपडे झटकून उठायचं. मग ती कितीही देखणी असू दे. जिला व्यायला माणूस लागतं, जिला दर पावसात जंताचं औषध लागतं, जिचे खूर सारखे कापावे लागतात, तिला आपण सांभाळतो. आपल्याला सांभाळणारी हवी.

तुझं रान कसं आहे ते लिही. पाणी कुठे आहे, झुडपं कसली, कुंपण कोणी घातलं.

तुझा बाप बरा आहे. खोकतो, पण बरा आहे. तू लिहिलंस तसं मी त्याला पत्र दाखवलं नाही. पिठाच्या डब्याखाली ठेवलंय, तिकडे तो फिरकत नाही.

पत्राचं उत्तर लिहायला सहा वर्षं लावू नकोस, मी काही तेवढं कच्चं केळं नाही.

तुझी आजी


२७ जानेवारी

भिंगरे,

तुझं दुसरं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा चष्म्याने, एकदा चष्म्याशिवाय, एकदा नुसतंच हातात धरून.

उतारावरचं रान, काटेरी झुडपं, उन्हाळ्यात आटणारा ओढा आणि एक विहीर. छान आहे. मऊ जमिनीपेक्षा हे बरं, खूर आपोआप झिजतात. कुंपण नवं आहे, खांब सिमेंटात रोवलेत, तारा ताणून घेतल्यात असं लिहिलंस तेही वाचून जीव भांड्यात पडला. शेळीला भोक दिसलं की ती कुंपण विसरते.

आणि तू म्हणतेस, आजी, मला आपल्याच कळपातल्या दे, दुसऱ्या कुणाच्या नकोत. पण बाबांना कळू देऊ नकोस कुणासाठी त्या. आणि सोडायला ट्रकवाला येऊ दे. बाबा नको.

बरं.

आता मला काय हवं ते मी लिहिणार नव्हते. पण लिहितेच, म्हणजे तुला अंधारात ठेवलं असं नको. त्याने शेळ्या आणाव्यात आणि तू फाटक उघडावंस, एवढंच मला हवंय. झालं लिहून. आता तुझ्या मनासारखं करते.

मी त्याला म्हटलं, "माझ्या ओळखीच्या एका बाईला शेळ्या हव्यात."

"तुझी कोण ओळखीची बाई?"

"आहे एक. मला काय ओळखी नसाव्यात?"

"रान कसं आहे तिचं?"

मी सांगितलं. उतार, काटे, ओढा. तो चहा पीत ऐकत होता. मग म्हणाला, "बाई एकटीच बघते?"

"एकटीच."

"पूर्वी केलंय?"

"लहानपणी केलंय म्हणे."

त्याने कप खाली ठेवला. "कुंपण?"

"नवं आहे. खांब सिमेंटात."

"बरं आहे," म्हणाला आणि गोठ्यात गेला.

तिसऱ्या दिवशी त्याने दोन बोकड वेगळे बांधले. तुला आठवत असेल, आपण आपल्या कळपाला आपल्यातलाच बोकड ठेवत नाही, रक्त जवळ येतं. हे दोन्ही त्याने करडं असताना बाहेरून आणलेले. एक काळाभोर, छाती अशी की दार भरून जावं. दुसरा भुरकट, बरगड्या मोजाव्यात असा, नेहमी कुठेतरी चढलेला. मी मुद्दाम म्हटलं, "काळा दे की. बाईला बरं वाटेल बघून."

तो म्हणाला, "काळा एकटा जन्मलाय, आई. एकट्याने सगळं दूध प्यायलाय, म्हणून तसा आहे. भुरक्याच्या आईने कोरड्या वर्षात दोन वाढवली. वजन काळ्याचं जास्त आहे. गुण भुरक्याचा जास्त आहे."

मग बराच वेळ दोघांकडे बघत उभा राहिला. तो काय बघत होता ते मला माहीत आहे, तुलाही माहीत असावं म्हणून लिहिते. तू चौथी-पाचवीत असशील तेव्हाची गोष्ट. बाहेरून आणताना तराजूवर जे करडू सगळ्यात जड भरेल तेच कळपाला बोकड म्हणून घ्यायचं, अशी त्याने पद्धत लावली होती. मोठं जनावर, जास्त मांस, हिशोब सरळ. फक्त एकटं जन्मलेलं करडूच सगळ्यात जड भरतं, हे लक्षात यायला त्याला काही वर्षं गेली. तोवर आपल्या शेळ्या एकेकच करडू देऊ लागल्या, आणि तेही इतकं मोठं डोकं घेऊन की व्यायची पंचाईत. एक तर त्यातच गेली. तिच्या पोटातून ओढून काढलेलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं करडू तू शाळेतून येऊन मांडीवर घेतलंस, आणि बाटली आणलीस, आणि तिचं नाव चांदणी ठेवलंस.

आपल्या घरात शेळ्यांना नावं ठेवत नाहीत. पण तुला कोण अडवणार.

आज एवढंच. हात भरून आला.

तुझी आजी


१६ फेब्रुवारी

माझ्या बाई,

या वेळी तू विचारलंस ते मी शेळ्यांचं समजून उत्तर देते, आणि तू जे विचारलं नाहीस त्याचंही देते.

खाटकाकडे पहिलं जनावर कसं पाठवू, असं लिहिलंस. पाठवू नकोस. घेऊन जा. स्वतः दोर धरून जा, दुसऱ्याच्या हातात देऊ नकोस. आदल्या संध्याकाळपासून चारा नाही, पाणी मात्र ठेवायचं. घाई करायची नाही, ओरडायचं नाही, ओळखीचं एक जनावर सोबत न्यायचं म्हणजे ते बिथरत नाही, आणि ते परत आणायचं. खाटीक शांत हाताचा निवड. आपला आहे तसा, बोलतो कमी, सुरी लपवून ठेवतो. आणि रडू आलं तर रड, पण फाटकाबाहेर आल्यावर. जनावराला आपलं रडणं कळतं, कारण कळत नाही.

आणि ज्या दिवशी तुला काहीच वाटणार नाही, त्या दिवशी हा धंदा सोड.

आता दुसरं.

चांदणी पहिल्यांदा व्याली तेव्हा तू परीक्षेला गेली होतीस. तिने दोन्ही करडांना शिंगाने ढकललं. हुंगलंसुद्धा नाही. बाटलीवर, माणसाच्या मांडीवर वाढलेली ती, ही ओली वळवळणारी वस्तू काय आहे हे तिला कोणी दाखवलंच नव्हतं. तिचा दोष नव्हता. तुझाही नाही, तू जीव वाचवलास. एक करडू भिंतीपाशी गारठून गेलं. तू संध्याकाळी आलीस तेव्हा खुंट्याला चांदणी नव्हती. तू विचारलंस, आणि तो म्हणाला, "खाटकाकडे. जी पिल्लांना मारते ती कळपात राहत नाही." तू विचारलंस, करडं? तर म्हणाला, "गेल्यातच जमा." तू त्याला जे बोललीस ते मी लिहीत नाही. सकाळी मावशीकडे निघून गेलीस.

तुला न सांगता नेलं ही त्याची चूक. ती मी पुसणार नाही, आणि त्याच्या वतीने माफीही मागणार नाही, ती त्याची त्याने मागावी. पण तू समजतेस तशी त्याने ती कुणाच्या हाती फेकली नव्हती. स्वतः चालत घेऊन गेला. खाटकाने मला नंतर सांगितलं, "आजी, तुमचा मुलगा तिच्या मानेवर हात ठेवून उभा होता, काम होईपर्यंत. मी म्हटलं बाहेर थांबा, तर हलला नाही."

आणि करडं. त्यातलं एक गेलं नव्हतं.

मी तुला हे लिहिलं होतं. दोनदा. मावशीच्या पत्त्यावरून दोन्ही पत्रं न फोडता परत आली. तुला तेव्हा नको होतं, मी समजले. पण आता फोडतेस तर वाच.

ते दुसरं करडू त्याने चुलीपाशी पोत्यात गुंडाळून ठेवलं होतं. श्वास होता की नव्हता असा, म्हणून तो तुला गेल्यातच जमा म्हणाला. तू गेलीस त्याच दिवशी दुपारी आपली म्हातारी शेळी व्याली, तिचं मेलेलंच निघालं. त्याने काय केलं, त्या मेलेल्या करडाचं सगळं ओलं, वारेसकट, चांदणीच्या करडाला चोळलं. नाकापासून शेपटीपर्यंत. नाहीतर दुसरीचं पिल्लू कुठली शेळी घेते? म्हातारीच्या तोंडाशी ठेवलं आणि माझ्यासारखा खाली बसला. शर्ट नुसता बरबटलेला. म्हातारीने हुंगलं. बाजूला झाली. पुन्हा हुंगलं. आणि चाटायला लागली गं. तुझा बाप तिथेच भिंतीला टेकला आणि मला म्हणाला, "आई, तिला बोलव." मी म्हटलं, कोणाला? तर म्हणाला, "काही नाही."

ती मादी होती. कपाळावर ठिपका. नियमाने तिलाही ठेवायला नको, आईचा गुण उतरतो म्हणून. पण त्याने ठेवली. म्हणाला, दोनदा व्याईपर्यंत बघू. व्याली तेव्हा मदतीला कोणी गेलं नाही. तो कुंपणापलीकडे उभा होता, आणि मी त्याच्यामागे, आणि दोघंही एकमेकांना म्हणत होतो की आपण काही बघत नाही आहोत. तिने जुळी दिली, दोघांना चाटून उभं केलं, आणि मी जवळ गेले तर मला शिंग मारलं. मी आयुष्यात इतक्या आनंदाने मार खाल्ला नाही.

तिच्या लेकी आता कळपात सगळ्यात पुढे असतात.

हे सगळं त्याने मला लिहायला सांगितलेलं नाही. उलट, त्याने मला काहीच सांगितलेलं नाही, मीही त्याला काही सांगितलेलं नाही. तो शेळ्या निवडतोय एका अनोळखी बाईसाठी.

तुझी आजी


८ मार्च

भिंगरे,

तू या खेपेला काही लिहिलं नाहीस. माझं मोठं पत्र तुला मिळालं हे पोस्टमनने शपथेवर सांगितलं, जसं काही तो तिथे उभा होता. असू दे. वेळ लागतो.

शेळ्या तयार आहेत. तीन माद्या आणि भुरका. तिन्ही नुकत्याच गाभण, म्हणून आत्ताच पाठवायच्या, पोट वाढल्यावर ट्रकमध्ये घालू नये. पहिले काही दिवस फार पाला घालू नकोस, नव्या रानाची सवय होऊ दे. भुरक्याला वेगळं बांधू नकोस, तो भिंत चढतो.

दोन माद्या त्याने पटकन काढल्या. तिसरीला मात्र अडून बसला. सकाळी एक बांधायचा, संध्याकाळी सोडायचा. मी म्हटलं, "अरे, अनोळखी बाई आहे. कुठलीही दे, तिला काय कळणार आहे?"

तो म्हणाला, "तिला कळेल."

काल त्याने कपाळवालीची, म्हणजे चांदणीच्या त्या लेकीची, मोठी लेक बांधली. तीन वर्षांची, दोनदा जुळी दिलेली, ऐन भरातली. आपल्या कळपातली पहिली. मागे एक माणूस लांबून आला होता तिच्यासाठी, दुप्पट म्हणत होता, तर तुझ्या बापाने त्याला चहासुद्धा विचारला नाही. मी बघत राहिले. त्याने तिच्या खुरातली माती काढली, कपाळावरचा ठिपका ओल्या फडक्याने पुसला. अनोळखी बाईला माणूस आपली सगळ्यात चांगली शेळी देत नाही गं. आणि देताना तिचं तोंड पुसत नाही.

पिठाच्या डब्याखालची पत्रं मी पुन्हा बघितली. मी ठेवताना तुझा पत्ता आत होता. आता वर आहे.

तेव्हा तुझ्या मनासारखं करायला मी ट्रकवाल्याला निरोप दिला होता, देवाशपथ दिला होता. आज सकाळी तो आला तर तुझा बाप त्याच्या जागेवर जाऊन बसला. ट्रकवाला माझ्याकडे बघतो, मी ट्रकवाल्याकडे. "आजी, हे काय?" मी म्हटलं, "मला काय विचारतोस, ट्रक तुझा आहे." तो म्हणाला, "चावी कालच घेतली त्यांनी माझ्याकडून." आता तो बिचारा आमच्या ओट्यावर बसून चहा पितोय, आणि मी घाईघाईने हे लिहितेय, कारण हे पत्र पोस्टाने येणार नाही.

निघताना बघते तर त्याच्या निळ्या शर्टाचं छातीवरचं बटण तुटलेलं. महिना झाला तसंच आहे. मला आता सुई ओवता येत नाही, आणि त्याला ते सांगायला मी जात नाही. "दुसरा घाल," म्हटलं. "हाच बरा आहे," म्हणाला. तो कोणता शर्ट आहे हे तुला सांगून ठेवते. म्हातारीच्या करडाच्या वेळचा. धुऊन धुऊन डाग गेलेत.

मी तुला फाटक उघड म्हणत नाही. तुझं रान आहे, तुझं कुंपण आहे, आणि आपल्यात नको असलेल्याला आत घेत नाहीत, ते मीच तुला शिकवलंय. पण नवं जनावर हवाली करायची पद्धत तुला माहीत आहे. आणणारा दोर सोडत नाही, घेणाऱ्याने तो हातात घ्यावा लागतो. मधे दोघांचेही हात दोरावर असतात. तेवढा वेळ उभी राहा. मग तुझं तू ठरव.

हे पत्र त्याच्या खिशात आहे. त्याने फोडलं नसेल. पत्ता बघण्यापुरताच तो माणूस लबाड आहे.

तुझी आजी


१५ मार्च

भिंगरे,

आज दुपारी ट्रक आला. परत यायचा होता तो दिवस कधीच उलटून गेला होता. ट्रकवाला रोज येऊन ओट्यावर बसायचा, मी त्याला चहा द्यायचे, तो म्हणायचा, "आजी, माझा धंदा बसला." मी म्हणायचे, "बस की मग तूही." तुझा बाप गेल्यापासून मी एकही रात्र नीट झोपले नाही, हे तुला सांगत नाहीये, असंच लिहिलं गेलं.

तुझा बाप उतरला, हातपाय धुतले, जेवायला बसला. मी वाढलं. विचारणार नव्हते, पण पाणी देता देता तोंडातून गेलं, "शेळ्या पोचल्या?"

"पोचल्या."

"आणि बाई?"

त्याने खाल्ले दोन घास. मग म्हणाला, "कुंपण ढिलं होतं. नीट करून आलो. तारा ताणायला माणूस लागतं दुसऱ्या टोकाला, म्हणून वेळ लागला."

"दुसऱ्या टोकाला कोण होतं?"

"ती होती," म्हणाला.

मी आमटी वाढायला उठले म्हणून बरं, नाहीतर त्याला माझं तोंड दिसलं असतं. तूच लिहिलं होतंस ना, खांब सिमेंटात, तारा ताणलेल्या. मीच त्याला सांगितलं होतं. दोघांच्याही ते लक्षात असणार. मी कशाला काढू.

जेवून तो गोठ्यात गेला. काळ्याच्या शेजारची भुरक्याची जागा रिकामी आहे तिथे उभा राहिला थोडा वेळ. मग कपाळवालीपाशी गेला, तिची लेक नाही म्हणून ती ओरडत होती सारखी, तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिला. ती गप्प झाली.

संध्याकाळी त्याने शर्ट धुवायला टाकला. मी हातात घेतला. छातीवरचं बटण लावलेलं आहे. घट्ट, चार वेळा फिरवून, मागे गाठ मारून, मी तुला शिकवलं होतं तसं. शर्ट निळा आहे आणि दोरा हिरवा आहे.

मी तो अजून धुतला नाही.

तुझी आजी